पाठीएवढी जागा

“हा रंग कोनं देल्ला?”

शादाबनं हे विचारलं ते दुकानाच्या दारात उभं राहून, खांद्यावरची बॅग खाली न ठेवता. शटर अर्धंच वर गेलं होतं. उरलेलं अर्धं ढकलायची शुद्ध त्याच्या हाताला राहिली नव्हती. आत चारी भिंती पिस्ता रंगात चकाकत होत्या. घड्याळाची काच साबणाच्या पाण्यानं धुतलेली. बल्बची वायर पुसलेली. कापूस पिंजायच्या मशीनवर फुलाफुलांची चादर, आणि त्या चादरीवर, म्हणजे कहरच, प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी.

“म्या अन् इफ्रानं,” हाजराबी म्हणाली. पदरानं मान पुसत ती अशी उभी होती, की शाबासकी आता येतेच आहे. “चार दिवस लागले बाप्पा. दोन हात मारले रंगाचे. सांग, कसं दिसून राह्यलं?”

शादाब पायरीवर बसला. उठला. पुन्हा बसला.

“अम्मी, म्या फोनवर काय सांगतलं व्हतं?”

“बंबईहून क्यामेरावाले येऊन राह्यले म्हून सांगतलं.”

“अन् आखीन?”

“आखीन, कशाले हात लावू नका म्हून सांगतलं.”

“मंग?”

“अरे, ते तं पाहुणा म्हनतेच! पाहुन्याचं आयकून घर झाडाचं राह्यते का कोनी?”

चार वर्षं मुंबईत काढली की माणूस घरचे कायदे विसरतो, आणि घर मात्र आपले कायदे विसरत नाही.

मंगरूळपीरच्या बाजारात शादाबच्या अब्बांचं, मेहबूबभाईंचं, गादीचं दुकान एकतीस वर्षं होतं. एकतीस वर्षं त्या दहा बाय चौदाच्या खोलीत रुई पिंजली गेली, आणि पिंजताना जे हलकं तूस उडतं ते जमेल तिथं बसत गेलं. पत्र्याखालच्या वाशांना त्याच्या झालरी लोंबत. बल्बच्या वायरला बोटभर दाढी. घड्याळाला मिशा. भिंतींना तर असं मऊ, करडं अस्तर चढलेलं की रंग कोणता हे विचारायचंही कुणाच्या डोक्यात येऊ नये. लहानपणी शादाब या खोलीतून पळायचा. नाक चोंदायचं, शाळेत पोरं त्याला ‘उशी’ म्हणायची. आणि आता तीच खोली त्याला हवी होती. पंधरा मिनिटांची फिल्म, त्याची स्वतःची, पहिली. एक म्हातारा गादीवाला, त्याची खोली, त्याचा शेवटचा दिवस. बाकी काही नाही. जे सांगायचं ते ती खोलीच सांगणार होती.

आज शनिवार. कॅमेरा येणार उद्या सकाळी, आणि उद्या संध्याकाळी परत जाणार. म्हाताऱ्याचं काम करणारा भागवत हा रिसोडचा एसटी कंडक्टर. नाटकात कामं करायचा, पण रजा त्याला एका दिवसाचीच मिळालेली. आणि सोमवारपासून शादाब पुन्हा मुंबईत, कलादिग्दर्शक रंजीता मॅडमच्या नव्या पिक्चरवर, कलाविभागाचा तिसरा असिस्टंट म्हणून.

तिसरा असिस्टंट म्हणजे काय, ते इथं सांगून टाकलेलं बरं, कारण घरी कुणालाच ते कळलेलं नव्हतं. हाजराबी मोहल्ल्यात ‘पोट्टा पिक्चर बनवते’ असं सांगायची. प्रत्यक्षात पोट्टा नवीन वस्तू जुन्या बनवायचा. शाळेत चित्रकला बरी, म्हणून अकोल्याला चित्रकलेचा डिप्लोमा. डिप्लोमा झाला म्हणून मुंबईत सेटला रंग मारायचं काम. हात बरा म्हणून मॅडमच्या हाताखाली. चार वर्षांची नोंद काढली तर निघतं ते असं: जुनी केलेली दारं एकशे सतरा, पडक्या विहिरी तीन (थर्माकोलच्या), एक पोलीस ठाणं, दोन देवळं, एक मशीद, आणि पाण्यानं फुगलेल्या वह्या अगणित. यातल्या एकाही दारातून आत काय चाललंय ते ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता. शिकला मात्र होता. मॅडम ओरडून ओरडून एकच गोष्ट शिकवायच्या: “वस्तू मांडून घर होत नाही रे. माणसाचा हात कुठं लागतो, तो कुठं टेकतो, ते शोध. घर तिथं असतं.” शादाबला हे इतकं पाठ झालं होतं की नव्या पोरांना तो ते स्वतःचं म्हणून सांगायचा.

उद्याची फिल्म फसली, तर एकशे अठरावं दार. हा हिशेब त्याला बसमध्येच पाठ झाला होता.

तो उठला आणि नखानं भिंत खरवडून पाहिली. रंग पक्का बसला होता. घरकामात हाजराबी कधी कसूर करत नसे, हेच मोठं दुर्दैव.

“काय झालं डायरेक्टरसाहेब, घर पसंत नाई काय?” समोरच्या चहाच्या हॉटेलातून उकंडरावांनी हाळी दिली. उकंडराव म्हणजे मेहबूबभाईंचे तीस वर्षांचे शेजारी. त्यांच्या बाकड्यावर बसून अर्धं गाव दुसऱ्या अर्ध्यावर नजर ठेवायचं.

“काका, चहाचा चोथा किती हाय तुमच्यापाशी?”

“कायले?”

“भितीले लावाचा हाय.”

उकंडरावांनी गाळणं हातात धरून जरा विचार केला. “आमी जलमभर भितीवरचे चहाचे डाग पुसून राह्यलो, अन् हा शिकूनसवरून डाग मांगून राह्यला. घेऊन जाय बाप्पा. बादलीभर हाय.”

शादाब कामाला लागला. चोथा उकळून त्यानं पाणी केलं आणि फडक्यानं भिंतीवर मारलं. उकंडरावांच्या भट्टीची काजळी तेलात कालवून कोपऱ्यांत चोळली. घड्याळाच्या काचेवर डिंक आणि माती. त्याचे पाय एका जागी ठरत नव्हते. चार हात मारले की दहा पावलं मागं, डोळे बारीक, पुन्हा पुढं, मध्येच फोन. इफ्रा, त्याची कॉलेजात शिकणारी बहीण, स्टुलावर बसून तिच्या मोबाईलमधले दुकानाचे जुने फोटो त्याला दाखवत होती. ईदचे, वाढदिवसाचे, असेच काढलेले. चौदा फोटो. तो एकेक फोटो मोठा करून कोपरा पाहायचा आणि तसा कोपरा रंगवायचा.

हाजराबी दारात उभी राहून आपली चार दिवसांची मेहनत तपकिरी होताना पाहत होती.

“नवा रंग असा खराब करतेत का बेटा?”

“नवाच तं नोको व्हता अम्मी!”

“नवा कुठी? हाच रंग व्हता आंधी. माह्या लग्नाच्या वक्ताले तुह्या अब्बानं देल्ला व्हता. म्या डब्बा दाखवून तसाच आनला.”

शादाबनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्या फोटोंत रंग नव्हताच, तूस होतं.

जोहरची नमाज आटोपून मेहबूबभाई आले ते दुपारी दोनला. या घरात बोली अर्धी दखनी, अर्धी वऱ्हाडी; लाड करायचे तर दखनी, आणि बापलेक भांडायला लागले की दोघंही गिऱ्हाइकाशी बोलावं तसे वऱ्हाडीवर यायचे. मेहबूबभाईंनी भिंतीकडे पाहिलं आणि सरळ वऱ्हाडीच काढली.

“हे काय करून राह्यला?”

“जसं व्हतं तसं करून राह्यलो.”

“तुही माय चार दिवस भितीले लटकली व्हती. तिनं काहाडला तो कचरा तू परत लावून राह्यला?”

“तो कचरा नोहे अब्बा. तुमचं काम हाय ते. एकतीस वर्साचं.”

मेहबूबभाई पायरीवर टेकले. बोलण्याआधी त्यांनी थोडा वेळ श्वास घेतला. “काम गादीत असते. लोकाईच्या घरी हाय माह्यं काम, लोकं झोपतेत त्याच्यावर. भितीवर जे राह्यते, तो कचरा. तुले बंबईच्या लोकाईले काय दाखवाचं हाय? का याचा बाप घाणीत बसे?”

शादाबचा हात थांबला. हे त्याला कुणीतरी कधीतरी विचारणार, हे माहीत होतं. समीक्षक विचारतील असं वाटलं होतं. त्यांच्यासाठी उत्तर तयार होतं, त्यात ‘श्रम’ आणि ‘स्मृती’ असे दोन शब्द होते. बापासमोर त्यातला एकही जिभेवर येईना.

“अम्मी,” तो वळून म्हणाला, “जुनं तूस कुठी फेकलं?”

“फेकलं?” हाजराबी दुखावली. “रुई फेकते का कोनी? दोन लोड भरले. तुह्या क्यामेरावाल्याले टेकाले.”

घरात मखमली खोळींचे दोन लोड खरंच रुबाबात बसले होते. शादाबनं ब्लेडनं त्यांची पोटं फाडली. एकतीस वर्षांचं करडं तूस चादरीवर सांडलं, आणि इफ्राला सलग अकरा शिंका आल्या.

आता डिंक लावून तो मूठमूठ तूस भिंतीवर दाबू लागला. तासाभरानं मागं सरकून पाहिलं. शाळेच्या गॅदरिंगमधल्या ऋषीला चिकटवतात तशी दाढी भिंतीला फुटली होती. हातानं सारखं केलं तर पोतं पसरल्यासारखं दिसे. एकशे सतरा दारं जुनी करणाऱ्याला बापाची एक भिंत जुनी करता येईना. त्यानं मूठभर तूस जमिनीवर आपटलं. ते आपटलंही जाईना, तरंगत खाली आलं.

“लावल्यानं लागत नसते ते,” पायरीवरून मेहबूबभाई म्हणाले. त्यांना राग आलेला होताच, पण चुकीचं काम डोळ्यांसमोर होताना पाहवत नव्हतं, आणि हा राग पहिल्यापेक्षा मोठा होता. “तूस बसते. आपल्या मनानं. त्याले उडवा लागते. मशीन लाव, दार लोट, अर्धा घंटा चालू दे. भित वल्ली हायच. सरक, म्या लावतो.”

त्यांनी चादर ओढली. फुलदाणी इफ्रानं झेलली. त्यांचा हात बटणाकडे गेला, आणि हाजराबीचा हात त्याआधी तिथं होता.

“नाई,” ती म्हणाली.

“अर्धा घंटा फक्त.”

“अर्धा मिनिट नाई. सांगू का याले?”

“काय सांगाचं हाय?” शादाब म्हणाला.

बोलले ते उकंडराव, रस्त्यापलीकडून, कारण गुपित पोटात ठेवायचं तर त्यांना बाकडं सोडावं लागलं असतं. “दोन महिने झाले मशीन बंद हाय गड्या. वाशिमच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काहाडला. म्हने मेहबूबभाई, उशी भरंन एवढी रुई हाय तुमच्या छातीत.”

हाजराबीनं उरलेलं सांगून टाकलं. मशीन पुढच्या महिन्यात रिसोडचा माणूस नेणार. दुकान मोबाईलवाला पाहून गेला. भाड्यानं द्यायचं तर जरा रंगबिंग पाहिजे. “तुले सांगू नोको म्हने. पोट्टा काम सोडून येईन म्हने.”

शादाबनं मशीनकडे पाहिलं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. गाद्यारजयांचा हंगाम, या दिवसांत हे मशीन सकाळी आठला सुरू झालं की संध्याकाळी मगरिबच्या अजानपर्यंत थांबत नसे. ऐन हंगामात त्यावर फुलांची चादर होती, आणि दाराची कडी पाहून घरमालकाचं वय सांगणाऱ्या माणसाला सकाळपासून त्यात एवढंच दिसलं होतं, की चादरीचा रंग भडक आहे. पोरगा काम सोडून आला असता की नाही, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्यामुळे उत्तर द्यायचं वाचलं.

“म्या लावतो मशीन,” तो म्हणाला. “तुमी भाईर बसा.”

“तुले येते का?”

“सांगा तुमी. भाईरून सांगा.”

मेहबूबभाई उकंडरावांच्या बाकड्यावर जाऊन बसले, तोंडाला ओला रुमाल बांधून. शादाबनं नाकाला गमछा गुंडाळला, शटर लोटलं, बटण दाबलं. खोली थरथरली. लोडांतलं जुनं तूस त्यानं मशीनच्या तोंडाशी दिलं, आणि ते करड्या धुरासारखं उलटून अंगावर आलं. काही दिसेना. रस्त्याच्या त्या बाजूला मेहबूबभाई डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते.

“घास मोठा देल्ला त्यानं! लहान दे म्हना!”

“घास लहान दे!” उकंडराव रस्ता ओलांडून शटरवर थापा मारून सांगायचे आणि परत यायचे.

“आता पट्टा घसरून राह्यला. डाव्या अंगानं दाब म्हना.”

“डाव्या अंगानं दाब बे!”

अर्ध्या तासात उकंडरावांच्या सतरा फेऱ्या झाल्या. एवढं चालणं त्यांना डॉक्टरनं सांगितलं होतं, पण त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

शटर उघडलं तेव्हा शादाबच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तूस अजून हवेत होतं. ते सावकाश उतरत गेलं, वायरवर, घड्याळावर, वाशांवर, ओल्या भिंतींवर. कुणी सांगितल्यासारखं, आणि कुणी न सांगता. दिवस कलताना, अस्रच्या नमाजच्या सुमारास, इफ्रानं एका कोपऱ्याचा फोटो काढून जुन्या फोटोतल्या त्याच कोपऱ्याशेजारी धरला. कोणता कुठला ते हाजराबीलाही ओळखू येईना. शादाबनं चौदाच्या चौदा फोटो ताडून पाहिले. कोपरे जुळले. घड्याळ जुळलं. मॅडमना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, एकच शब्द: “खरं?” मॅडमकडून याहून मोठी पदवी कुणाला मिळालेली नव्हती.

रविवारी सकाळी अमरदीप कॅमेरा घेऊन उतरला. मुंबईत शादाबच्या खोलीत राहणारा, मूळचा अनसिंगचा. वडील मदनसिंग अजून तिथं शेती करतात. भिंत पाहून तो बूट काढूनच आत आला. “बापरे! सेट हाय का असल हाय बे?”

“दोनी,” इफ्रा म्हणाली.

भागवत कंडक्टर मेहबूबभाईंची जुनी बंडी घालून तयार होता. तिकिटं फाडायच्या सवयीनं त्याचा अंगठा सारखा चाळवत होता. शादाबनं त्याला हातात लांब सुई दिली, तेव्हा कुठं तो ठरला. दाराबाहेर छोट्या पडद्यावर चित्र दिसत होतं: मशीन, गादी, आणि मागं ती करडी, मऊ भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उन्हाचा पट्टा सरकत होता. तासाभरात तो जाणार.

“अब्बा,” शादाब म्हणाला, “एकडाव पाहून घ्या.”

मेहबूबभाई रुमाल बांधून आले. गादीचा टाका तपासायला वाकावं तसे ते पडद्यावर वाकले. बराच वेळ पाहिलं. शादाब एका पायावरून दुसऱ्या पायावर.

“चुकलं,” मेहबूबभाई म्हणाले.

“काय चुकलं?”

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. गादीच्या मागं, भिंतीच्या बरोबर मध्ये. “अथी तूस नसते.”

“काहून? सगळ्याइकडं व्हतं की. फोटो हायेत माह्यापाशी.”

“फोटो मले बी दाखव.”

इफ्रानं मोबाईल पुढं केला. ईदचा, वाढदिवसाचा, असेच काढलेले. चौदा फोटो, आणि चौदाही फोटोंत त्या जागी, भिंतीला टेकून, मेहबूबभाई बसलेले होते. त्यांच्या मागं काय होतं, ते एकाही फोटोत दिसत नव्हतं.

“अथी म्या बसतो,” ते म्हणाले.

टेकतो कुठं ते शोध, हे शादाब नव्या पोरांना शिकवत आला होता. त्यानं खोली कोपऱ्याकोपऱ्यानं उभी केली होती. बाप जिथं बसायचा तेवढ्या जागेवर, मोकळी दिसली म्हणून, त्यानं तूस भरलं होतं.

मेहबूबभाई चप्पल काढून आत गेले. हाजराबी पुढं झाली, पण त्यांनी हातानं थांबवलं. हवा आता शांत होती. भागवत आपसूक बाजूला सरकला. ते नेहमीच्या जागी बसले, एक पाय दुमडून, एक पसरून. पाठ भिंतीला लावली. मग गादीत सुई घालताना माणूस जसा हलतो तसे हलले. टाका घालायला पुढं, दोरा ओढायला मागं. पुढं, मागं. हातात सुई नव्हती, तरी दोरा किती लांब ओढायचा हे हाताला माहीत होतं. आठदहा टाके झाले असतील. एकदा खोकले. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि बाहेर आले.

भिंतीवर, करड्या तुसाच्या मधोमध, त्यांच्या पाठीएवढी जागा उघडी पडली होती. वर खांद्यांशी रुंद, खाली निमुळती. चहाचं पाणीही तिथं घासलं गेलं होतं, आणि आतून पिस्ता रंग दिसत होता.

भागवत पुन्हा जागेवर बसायला निघाला.

“थांबा,” शादाब म्हणाला. “नोका बसू.”

“मंग मी काय करू?”

“काईच नोका करू. अमरदीप, असंच घे. रिकामीच जागा घे.”

अमरदीपनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कॅमेरा सुरू केला. उकंडरावांनी हॉटेलातला रेडिओ न सांगता बंद केला. उन्हाचा पट्टा मशीनवरून उतरून भिंतीकडे सरकत होता. सकाळपासून पहिल्यांदाच शादाबचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

मेहबूबभाई कॅमेऱ्याच्या मागं उभे होते, कशालाही न टेकता. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, करडं तूस चिकटलं होतं. झटकायला म्हणून हाजराबीचा हात उठला, आणि मध्येच थांबला. ती मुलाच्या कानाशी वाकली.

“झटकू का रे?” तिनं हळूच विचारलं. “का हे बी तुले लागते?”